मंगळवारची सफाई

कारध्याच्या कवडू मेश्रामनं तीन वर्षं एक डब्बा पुसला. दर मंगळवारी, सकाळी सहा वाजता, बायकोच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यानं. हसायचं असेल तर इथंच हसून घ्यावं. पुढं हसायला जागा थोडी आहे.

डब्बा होता भंडाऱ्यातल्या एका धान उत्पादक संघाच्या ऑफिसात. काळा, पाट्यासारखा चपटा, लोखंडी मांडणीत बसवलेला, समोर चार बारके दिवे. तो तिथं आला त्याला कारण पूर. वीसच्या साली वैनगंगा चढली तेव्हा संघाच्या खालच्या खोलीत छातीभर पाणी होतं, आणि चाळीस वर्षांचे कागद त्याच खोलीत. निम्म्याचा लगदा झाला. उरलेले कवडूनं आठ दिवस गच्चीवर पापडासारखे वाळवले, पानापानावर छपराच्या कवेलूचा तुकडा ठेवून. मग त्या पानांचे फोटो काढून सर्व्हरमध्ये, म्हणजे ऑफिसच्या मोठ्या संगणकात, घातले. कागदांना मेलेल्या माशाचा वास सुटला होता, ते जाळले. जाळायलाही कवडूच. सभासदांच्या याद्या, मोजमापाच्या वह्या, नोकरांचे हजेरीपट, सगळ्यांचा धूर झाला आणि त्यांचं भूत तेवढं सर्व्हरमध्ये राहिलं. पुढंही ऑफिसात दर महिन्याच्या हजेरीपटाचा फोटो सर्व्हरमध्ये घालून कागद फाडायची चाल पडली. दोन वर्षांनी कोणाला तरी सुचलं, उद्या सर्व्हरच गेला तर? म्हणून हा डब्बा. सर्व्हरमध्ये जे असेल त्याची नक्कल रोज संध्याकाळी आपोआप डब्ब्यात जायची.

डब्बा बसवायला कंपनीचा एक इंजिनियर आला, दोन दिवस राहिला, आणि जाताना सूचनांचा एक इंग्रजी कागद टेबलावर ठेवून गेला. खोली थंड ठेवा, वायर ओढू नका, असलं काही. शेवटची ओळ होती: क्लिनिंग, दर मंगळवारी, सकाळी सहा. ही ओळ त्यानं स्वतःसाठी लिहिलेली. पहिल्यांदा सगळा माल डब्ब्यात भरायचा होता, तोवर त्यानं आतली सफाई बंद ठेवली होती, नाहीतर भरणं रखडतं. भरून झालं की पुन्हा चालू करायची, एवढंच. पण भरून व्हायच्या आत त्यानं ती नोकरी सोडली. कागद मागं राहिला, आणि कागद वाचायला राहिले मधुकरराव.

मधुकरराव म्हणजे संघाचे बडेबाबू. माणूस वाईट नाही. इंग्रजी अक्षर लावता येतं, आणि लावता आलं म्हणजे समजलं अशी त्यांची समजूत. त्यांनी चष्मा खाली घेतला, ओळ वाचली आणि हाक मारली.

“कवडू! तुह्या नावानं काम निघालं.”

“सांगा ना जी.”

“नव्या डब्ब्याची क्लिनिंग. हर मंगळवारी, सकारी सहाले.”

“सहाले? ऑफिस त दहाले उघडते, बाबू.”

“मशीनले का माहीत ऑफिस कवा उघडते ते? कंपनीनं लिवून देल्लं हाये. थंड्या टायमालेच पुसा लागत असन.”

बाकीचे चौघं टेबलावर होते. कोणी मान वर केली नाही. क्लिनिंग म्हटलं की ते काम कोणाकडं जाईल, याचा त्या खोलीत कोणाला प्रश्नच पडला नाही. झाडू मारायला ऑफिसात वेगळी बाई होती. कवडू शिपाई म्हणून लागला होता, शिपाई म्हणून टपाल नेत होता. त्याच्या बापानं, परसराम मेश्रामानं, छप्पन साली मेली ढोरं ओढणं सोडलं ते सोडलं. पाटलाचा बैल दारात तीन दिवस फुगला तरी हात लावला नाही. हे कवडू लहानपणापासून ऐकत आला होता. ते त्याला त्या क्षणी आठवलंही. पण त्यानं ‘हो जी’ म्हटलं.

कारण कवडू कायम नव्हता. सहाच्या सालापासून रोजंदारीवर. रोज यायचं, हजेरीपटावर सही करायची, आणि पुढच्या महिन्यात नाव असेल का नाही ते बडेबाबूच्या मर्जीवर. अशा माणसाला सहा काय, पाच वाजता बोलावलं तरी ते चांगलंच वाटतं. आपल्याशिवाय अडतं असं एक काम झालं, असा हिशेब त्यानं मनाशी केला.

मधुकररावांनी दोनशे पानी रजिस्टर दिलं. पहिल्या पानावर स्वतःच्या वळणदार अक्षरात आदेश लिहिला, ‘जबाबदारी: क. प. मेश्राम’, खाली शिक्का मारला. पुढं रकाने पाडले. तारीख, वेळ, काम, सही.

तेव्हापासून मंगळवारी कवडू साडेपाचला कारध्यातून सायकल काढायचा. पुलावर वारा, खाली वैनगंगा, भंडाऱ्यात चहाची टपरीही उघडलेली नसायची. चौकीदार कुलूप काढून पुन्हा लवंडायचा. कवडू दाराशी चपला सोडायचा, फडका झटकायचा, आणि डब्बा असा पुसायचा की म्हशीला धुणाऱ्यानं शिकावं. वरची पाठ, बाजूच्या कडा, मग समोरची जाळी. जाळीच्या भोकांतून धूळ काढायला त्यानं दाढीचा जुना ब्रश ठेवला होता. फडका ओला करायचा नाही हे त्याचं त्यालाच सुचलेलं. शेवटी रजिस्टरमध्ये लिहायचा, ‘क्लिनिंग केली’, आणि सही.

“माह्या घरात तीन दिवसांपासून छताले जारं लोंबून राहिलं,” लीलाबाई म्हणायची, “अन् हे चालले डब्ब्याले आंघोर घालाले.”

“डब्बा नोय तो. त्याच्यात साऱ्या संघाचा जीव हाये.”

“तुमचा हाये का त्याच्यात?”

“हाये ना. माही एकोनीस सालाची हजेरी हाये.”

तीन वर्षांत दोन मंगळवार चुकले. एकदा त्याची माय गेली तेव्हा, एकदा पुलावरून पाणी चाललं होतं तेव्हा. दोन्ही वेळा त्यानं बुधवारी जाऊन पुसला आणि रजिस्टरात तसं लिहिलं.

औंदा उन्हाळ्यात संघानं ठरवलं, रोजंदारीचं लफडं एकदाचं मिटवायचं. वर्षाला दोनशे चाळीस दिवस, असे सलग पाच वर्षं ज्याचे भरले असतील, तो कायम. ज्याचे भरत नसतील, तो घरी. दिवाळीच्या आत यादी लागणार. पुरावा म्हणून हजेरीपटाचा उतारा जोडायचा होता. कवडूचे दिवस पाचाच्या जागी एकोणीस वर्षं भरत होते. छप्पन वय झालं होतं. निवृत्तीला दोन-चार वर्षं राहिली असती, पण तेवढी तरी शिपाई म्हणून, टपालाच्या वहीत नावापुढं ‘रोजंदार’ न लिहिता. आणि यादीत नाव नसेल तर त्या वयात कोण कामाला लावणार होतं? तेव्हा सगळं त्या उताऱ्यावर होतं. संगणकावर बसणाऱ्या रुचिताला त्यानं सांगून ठेवलं.

“पोरी, माह्या हजेरीचा कागद काढून देजो.”

“काढते ना काका. सर्व्हरवरच आहे सगळं. यादीच्या वेळेला एकदमच सगळ्यांचे काढते.”

आणि जून महिन्यात डब्ब्याचा एक दिवा हिरव्याचा नारिंगी झाला.

तो सगळ्यांच्या आधी कवडूनं पाहिला. मंगळवार होता. त्यानं दिव्यावरची धूळ पुसली, दिवा नारिंगीच. दहा वाजता मधुकररावांना सांगितलं.

“बराबर पुसला नसशीन.”

पुढच्या मंगळवारी त्यानं अर्धा तास जादा पुसला. दिवा लाल झाला.

आता आत काय झालं होतं ते सांगायला हवं. डब्बा म्हणजे आपल्याकडची बोडी समजा, शेतातलं बारकं तळं. रोज नवं पाणी येतं आणि रोज थोडा गाळ बसतो. संगणकात एखादी जुनी गोष्ट काढून टाकली म्हणजे ती जात नाही. तिच्यावर फक्त ‘हे आता नको’ असा शेरा बसतो, आणि ती गाळासारखी तळाशी पडून राहते. मग ठरल्या दिवशी, ठरल्या वेळेला, यंत्र आपलं आपण तळ खरवडतं आणि शेरा बसलेलं सगळं बाहेर फेकतं. जागा होते ती तेव्हा. त्या खरवडण्यालाच कंपनीवाले क्लिनिंग म्हणतात. तीन वर्षांत ते एकदाही झालं नव्हतं. वरून पाठ चकचकीत आणि आत बोडी काठोकाठ गाळानं भरलेली.

डब्बा भरला की नक्कल घेणं थांबतं. ऑफिसात धावपळ झाली. कंपनीचा फोन उचलला जात नव्हता.

“जुनं काढ,” मधुकरराव रुचिताला म्हणाले.

तिनं पहिल्या वर्षाच्या नकला काढल्या. पडदा म्हणे, नव्व्याण्णव टक्के भरलेला. दुसऱ्या वर्षाच्या काढल्या. नव्व्याण्णव.

“असं कसं होऊन राहिलं बे हे?” मधुकररावांना घाम फुटला. “पोत्यातून पायल्या काढून राहिलो अन् पोतं भरलंच! अजून काढ.”

“सर, आता पुराच्या कागदांचे फोटोच राहिले.”

“ते सर्व्हरवर हायेत का नाई?”

“आहेत.”

“मंग ठेवाचे कायले दोन-दोन? काढ.”

कवडू चहाचे कप गोळा करत होता. तो थांबला.

“पोरी, हजेरी त नाई ना काढली?”

“काका, ती सर्व्हरवर आहे. इथली फक्त नक्कल काढली.”

“मंग ठीक हाये.”

तेही काढल्यावर पडद्यावर नव्व्याण्णवच. मधुकररावांनी पडदाच बंद करवला आणि सांगितलं, कंपनीचा माणूस येईपर्यंत कोणी हात लावू नका. कंपनीचा माणूस जुलैत आला नाही, ऑगस्टात आला नाही. मधले सगळे मंगळवार कवडू लाल दिव्याचा डब्बा पुसत राहिला. दिवा काही विझेना. त्याला वाटायचं, आपल्याच हातात काही उणं आहे. एकदा तर त्यानं फडका बदलला, लीलाबाईचं नवं पातळ फाडलं, आणि त्यावरून घरात दोन दिवस अबोला राहिला.

सप्टेंबरात एका दुपारी ऑफिसमागच्या सिंदीच्या झाडावर वीज पडली. पंखे थांबले, दिवे गेले, सर्व्हरमधून फटाक्यासारखा आवाज आला आणि जळक्या रबराचा वास सुटला. सर्व्हर मेला. कोणाला फारसं काही वाटलं नाही. डब्बा होता ना. डब्बा याचसाठी तर आणला होता.

आता मात्र कंपनीनं माणूस धाडला. धर्मेंद्र त्याचं नाव, नागपूरचा, पाठीवर पिशवी, अर्धं हिंदी अर्धं मराठी. रुचिता त्या दिवशी सुटीवर होती. धर्मेंद्रनं मांडीवरचा संगणक डब्ब्याला जोडला, दोन मिनिटं पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

“अरे बाबूजी, ये क्या? क्लिनिंग तीन साल से बंद है!”

“बंद?” मधुकरराव तडकले. “हर मंगळवारी होते! कवडू, आण बे रजिष्टर.”

कवडूनं रजिस्टर आणलं. धर्मेंद्रनं पहिलं पान वाचलं. मग दुसरं. सहा वाजता, क्लिनिंग केली, सही. सहा वाजता, क्लिनिंग केली, सही. त्यानं डब्ब्याच्या चकचकीत पाठीकडं पाहिलं, कवडूकडं पाहिलं, आणि त्याला असं हसू आलं की खोकला लागून डोळ्यांतून पाणी आलं.

“काका, आप इसको… कपड़े से?”

“कोरड्या फडक्यानं,” कवडू म्हणाला. “ओला नाई लावला कधी.”

धर्मेंद्र हसायचा थांबला. एवढं त्याच्या पदरी टाकायला हवं.

डब्बा इतका ठासून भरला होता की आधी सफाई केल्याशिवाय काही करू नये असं त्याचं मत पडलं. “काही डिलीट वगैरे केलं होतं का?” त्यानं जाता जाता विचारलं. मधुकरराव त्या वेळी खिडकीतून सिंदीचं जळकं खोड पाहत होते. ते पाहतच राहिले. कवडूला डिलीट हा शब्द माहीत नव्हता. धर्मेंद्र ‘काढलं’ म्हणाला असता तर कवडू बोलला असता. धर्मेंद्रनं एक बटण दाबलं.

त्या दिवशी कवडूनं पहिल्यांदा खरी क्लिनिंग पाहिली. फडका नाही, माणूस नाही. पडद्यावर आकडा, आणि आकडा उतरत चाललेला. नव्व्याण्णव, पंच्याण्णव, ऐंशी. दुपारी जेवणं झाली तेव्हा एकसष्ट. पाच वाजता चव्वेचाळीस. लाल दिवा हिरवा झाला. मधुकररावांनी सगळ्यांना चहा सांगितला.

चहा पिऊन धर्मेंद्र सामान परत काढायला बसला. या वर्षाचं निघालं. मागच्या दोन वर्षांचं आणि पुराच्या फोटोंचं काही सापडेना. त्यानं पुन्हा पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग रुचिताला फोन लावला. फोन ठेवला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

“काढलेलं हाये ते,” मधुकरराव हळूच म्हणाले. “जूनमधी. जागा होत नव्हती म्हून.”

“तो सुबह क्यों नहीं बोले?”

कवडू दारात उभा होता.

“भाऊ,” तो म्हणाला, “काढलेलं कोठी जाते?”

“जाता नहीं काका. अंदर ही पड़ा रहता है, जब तक क्लिनिंग न हो.”

“म्हंजे सकारी होतं?”

“था. मेहनत करते तो शायद निकल भी आता.”

“अन् आता?”

धर्मेंद्रनं हिरव्या दिव्याकडं पाहिलं. “आता साफ झालं, काका.”

एकोणीस वर्षांची हजेरी त्या दिवशी दहा ते पाचच्या मधे गेली. नेमकी कितीच्या आकड्याला गेली ते सांगता येत नाही. कवडू समोर उभा राहून पाहत होता, आकडा उतरला की त्याला बरं वाटत होतं.

आठ दिवसांनी मॅनेजर साहेबांनी त्याला आत बोलावलं. साहेब शहरातले, आवाज न चढवणारे. टेबलावर मधुकररावांचा लेखी खुलासा होता: यंत्राची क्लिनिंग वेळच्या वेळी झाली असती तर डब्बा भरला नसता, डब्बा भरला नसता तर जुनं काढावं लागलं नसतं, क्लिनिंगची जबाबदारी क. प. मेश्राम यांची होती. ओळ न् ओळ खरी. खोटं त्यात काहीच नव्हतं, हीच पंचाईत.

“मेश्राम, या बाबतीत तुम्हाला काय सफाई द्यायची आहे ती द्या.”

“साहेब, सफाई त मी तीन सालापासून देऊन राहिलो. अजून कोनती देऊ?”

साहेबांना वाटलं, हा उलट बोलतो आहे. त्यांनी ‘समाधानकारक खुलासा नाही’ असा शेरा मारला.

बाहेर मधुकररावांनी त्याला जिन्याखाली गाठलं.

“हे पाय कवडू. तुह्यावर माहा राग नाई. रजिष्टर कोठी हाये?”

“घरी नेलं.”

“आणून दे मले. हरवलं म्हनू. रजिष्टर नाई त आदेश नाई, आदेश नाई त जबाबदारी नाई. तूही सुटला, मीही सुटलो.”

“अन् माहं कायमचं?”

“ते पाहू ना. मी हावो ना.”

एकोणीस वर्षं ‘मी हावो ना’ ऐकलेला माणूस होता तो. घरी जाऊन त्यानं लीलाबाईला सांगितलं. ती चुलीपुढं बसली होती.

“द्या इकडं,” ती म्हणाली. “त्याले कायले द्याचं? मीच टाकतो चुलीत. ना राहीन बास, ना वाजन बासरी.”

“अन् मी तिथी होतो हे मंग कायनं दाखवू? पटं जळले, सर्व्हर जळला, डब्ब्यातलं गेलं. कवडू मेश्राम म्हून कोनी मानूस त्या ऑफिसात येत होता, ह्याचा येवढाच कागद उरला.”

“त्याच कागदात तुमची फाशी लिवली हाये, समजते का?”

“समजते.”

“मंग?”

त्यानं रजिस्टर पिशवीत घातलं, पिशवी खुंटीला लावली. लीलाबाई त्या पिशवीकडं पाठ करून भाकरी थापत राहिली. तिला वाटलं असतं तर रात्रीतून तिनं ते जाळलं असतं. तिनं जाळलं नाही. दोघांनाही ठाऊक होतं की कागद जाळून आपल्या हाती काही येत नाही. पुराचे कागद एकदा जाळून पाहिले होते.

ऑक्टोबरात निवड समिती बसली. अध्यक्ष यादोराव, संघाचे जुने संचालक, बाजूला मॅनेजर साहेब, कोपऱ्यात लिहायला रुचिता, दाराशी मधुकरराव. बाकीचे दोघं रोजंदार नवे होते. त्यांची पाच वर्षं पुरानंतरचीच, आणि ते कामाला बाजारच्या गोदामात, तिथले हजेरीचे कागद तिथंच वेगळे ठेवलेले, म्हणून वाचलेले. त्यांचं दहा मिनिटांत झालं. मग कवडू.

“पुरावा?”

कवडूनं रजिस्टर पुढं ठेवलं. दाराशी मधुकररावांनी डोळे मिटले.

यादोरावांनी पहिलं पान वाचलं, मान हलवली. मग थुंकी लावून पानं उलटली. माणूस शेतकरी, गडी मोजायची सवय. बोट ठेवत ठेवत त्यांनी सगळं मोजलं. खोलीत पंख्याचा आवाज.

“तीन सालात एकशे छप्पन दिवस. सालाचे बावन्न होतात, कवडू. लागतात दोनशे चाळीस.”

“मालक, ह्या मंगळवारच्या सह्या हायेत. बाकी दिवशी मी हजेरीपटावर करत होतो. तुमी सोता पायलं हाये मले. तुमच्या गाडीचा दरवाजा कितीकदा उघडला म्या.”

“माह्या पायन्यानं का होते? कागद पायजे.”

“मंगळवारी आलो म्हंजे बुधवारी मी मेलो होतो का मालक?”

कोणीतरी फिसकन हसलं. यादोराव हसले नाहीत. ते वाईट वाटल्यासारखे बसले होते, आणि त्यांना खरंच वाईट वाटत असावं.

“बुधवारची सही दाखव,” ते म्हणाले. “दोन बुधवार दिसून राहिले इथी. अजून हजारभर बुधवार-गुरुवार आन, आत्ता शिक्का मारतो.”

रुचिता मान वर न करता म्हणाली, “सर, मी एक वर्षापासून रोज पाहते काकांना. मी लिहून देते.”

“वर्षं पाच लागतात, बेटा.”

मग मॅनेजर साहेबांनी पहिलं पान उघडून पुढं सरकवलं, ‘जबाबदारी: क. प. मेश्राम’, शिक्का आणि तारीख. हयगयीचा प्रश्न आता शाबीतच झाला, असं ते म्हणाले; आरोपीनंच कागद आणून दिला. त्यांनी आरोपी हा शब्द सहज वापरला, जसा बडेबाबूनं क्लिनिंग वापरला होता. उद्यापासून येऊ नये, असं ठरलं. ठराव लिहायला चार ओळी लागल्या.

कवडू उठला आणि रजिस्टर घ्यायला हात पुढं केला.

“ते राहू द्या. चौकशीच्या कागदात जमा होईल.”

“साहेब, मंग मले पावती द्या. माह्याजवर दुसरं काई नाई.”

साहेबांनी रुचिताकडं पाहून मान हलवली. तिनं कागद घेतला. लिहायला लागली, ‘श्री. कवडू परसराम मेश्राम, रोजंदार शिपाई, यांच्याकडून…’

मधुकरराव दारातून पुढं आले. त्यांचा आवाज बारीक झाला होता, पण डोकं चालत होतं. “रोजंदार लिहू नको, पोरी. शिपाई बी नको. ते लिवलं का उद्या तेच पुरावा म्हून घेऊन कोर्टात उभा राहीन.”

“मग काय लिहू?”

“इसम लिही.”

रुचितानं यादोरावांकडं पाहिलं. ते खिशात चष्म्याचं घर शोधत होते. तिनं ओळ खोडली आणि लिहिलं, ‘कवडू परसराम मेश्राम नावाच्या इसमाकडून एक रजिस्टर मिळाले.’

कवडू सातवी शिकला होता. त्यानं पावती तिथंच पूर्ण वाचली, घडी घातली, वरच्या खिशात ठेवली, आणि सगळ्यांना जयभीम घालून बाहेर पडला. सायकल काढताना चौकीदार म्हणाला, “का गा, लवकर?” तो हो म्हणाला.

डब्ब्याची क्लिनिंग आता दर मंगळवारी सहाला आपोआप होते. धर्मेंद्रनं जाण्याआधी लावून दिली. डब्ब्याच्या पाठीवर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ आहे, आणि दिवा हिरवा आहे.

नोव्हेंबरात धान कापायला आलं तेव्हा लीलाबाईनं त्याला आपल्या माहेरी नेलं, दिघोरीला. तिथं अजून हातानं कापणाऱ्या बायांची टोळी होती. टोळीचा मुकादम हिरालाल लीलाबाईच्या गल्लीतला, वयानं तिच्याहून धाकटा. एकोणीस वर्षं टपाल नेलेल्या हातात विळा काही धड बसेना. बायांनी लगेच ओळखलं.

“जवाई, विळा हाये तो, पेन नोय!”

“उलटा धरला न जी! बोट कापाचं हाये का धान?”

सकाळी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, उभं राहून हिरालालनं हजेरी घेतली. नावं पुकारायची, ज्यानं त्यानं ‘हो’ म्हणायचं. कवडूचं नाव आलं. त्यानं ‘हो’ म्हटलं, विळा धुऱ्यावर ठेवला आणि हिरालालच्या जवळ जाऊन उभा राहिला.

“का पायजे, जवाई?”

“सही कोठी कराची?”

बाया अशा हसल्या की एकीला ठसका लागला. लीलाबाई तेवढी हसली नाही. तिनं पदर तोंडाशी नेला आणि धानाच्या बांधीत उतरली.

“सही कायची इथी?” हिरालाल म्हणाला. “वाकलं का झाली हजेरी. चला, ऊन चढून राहिलं.”

कवडू परत गेला, विळा उचलला आणि वाकला.